जोडीची टिंबं

सोमवार, ४ ऑक्टोबर

पाहुणे येणार हे नक्की झालं. सरांनी आज सकाळी आम्हा दोघी बहिणींना बोलावून पत्र दाखवलं, म्हणजे लांबून हलवलं. दुसऱ्या प्रयोगशाळेचा माणूस गुरुवारी येतोय आणि आठवडाभर आमच्या अंधाऱ्या खोलीत बसणार आहे. "मोजणी कशी चालते ते त्यांना पाहायचंय," सर म्हणाले. पाहायचं कसलं, उलटतपासणी घ्यायची आहे. त्यांच्याकडे कार्बनचा अणू फुटत नाही, आमच्याकडे फुटतो. दोन्ही खरं असू शकत नाही, एवढं मलाही कळतं.

"तुमची मोजणी टिकली तर ही खोली टिकेल," सर म्हणाले. "नाहीतर मी स्वतःच कुलूप लावीन."

आमचं काम सांगितलं तर लोक हसतात. आम्ही काळोखात बसून ठिणग्या मोजतो. आधी अर्धा तास नुसतं बसायचं, डोळे तयार होईपर्यंत. मग कापडी पडद्यापलीकडून सर शिशाच्या डबीचं झाकण उघडतात. डबीतल्या चिमूटभर पुडीतून कण सुटतात आणि समोरच्या चकतीवर आपटतात. चकतीतला एखादा अणू फुटलाच तर त्याचा तुकडा उडून नखाएवढ्या एका पडद्यावर आदळतो, आणि तिथे ठिणगी चमकते. ठिणगी म्हणणंही जास्तच झालं, पापणी लवायच्या आत ती गेलेली असते. त्या पडद्यावर दोन नळ्यांचं सूक्ष्मदर्शक रोखलेलं आहे. एका नळीला माझा डोळा, दुसरीला धाकटीचा. दिसली ठिणगी की हाताखालची कळ दाबायची, टक्. शेजारच्या खोलीत कागदाची पट्टी सरकत असते, तिच्यावर वरच्या रेघेत माझं टिंब उमटतं आणि खालच्या रेघेत तिचं. दोघींची टिंबं एकाखाली एक आली की ती जोडी. सर फक्त जोड्या धरतात, एकटं टिंब रद्द.

म्हणून तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, "शंका आली तर दाबा. जुळलं नाही तर आम्ही टाकून देऊ." आणि चकती कसली आहे हे आम्हाला कधीच सांगत नाहीत. ज्याला काही माहीत नाही त्याला असेल तेवढंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

आधी माझ्या जोडीला एक बाई होत्या. त्यांचं माझं कधी पटलं नाही, माझ्या कशावरच त्यांचा विश्वास नव्हता. शंभरातली चाळीस टिंबंही जुळत नसत. दोन वर्षांपूर्वी मी धाकटीला आणलं आणि जुळणी नव्वदावर गेली. त्याच हंगामात कार्बन फुटायला लागला. सर म्हणतात, हा तुमच्या बहिणीचा पायगुण.

येऊ देत पाहुणे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मंगळवार, ५ ऑक्टोबर

आज फजिती झाली. जिन्याखाली काचवाले काका उभे दिसले म्हणून मी नमस्कार केला, काल काचेची नळी वेळेवर वाकवून दिलीत म्हणून आभारही मानले. तिथे खुंटीला नुसता त्यांचा कोट टांगलेला होता. काका मागून येत होते, त्यांनी सगळं ऐकलं. "कोटाला सांगतो," म्हणाले. जिन्याखालचा दिवा बदला म्हणून कितीदा सांगितलंय.

मधल्या सुट्टीत काका आमच्या बाकावर येऊन बसले. तिसाव्या वर्षापासून ते याच इमारतीत काच फुंकतात, तेव्हा सगळ्या मोठ्या माणसांचे वाद त्यांनी कामाच्या टेबलावरून ऐकलेत. धाकटीने विचारलं, हे पाहुणे आपल्यावर एवढे का चिडलेत?

"चिडतील नाहीतर काय," काका म्हणाले. "अणू हे असंच प्रकरण आहे. आधी म्हणाले, अणू म्हणजे गोटी. कापता येत नाही, फोडता येत नाही. शंभरेक वर्षं गोटीवर चाललं. त्यातही अर्धे लोक म्हणायचे, पाहिलाय कोणी? मांडणीच्या सोयीसाठी धरलाय नुसता. मग त्या गोटीतून आणखी बारीक कण निघाले. झालं, गोटी गेली, कलिंगड आलं. गर भरलेला आणि मध्ये मध्ये बिया. ते तर दहा वर्षंही टिकलं नाही."

"का?"

"कोणीतरी त्याच्यावर मारा करून बघितला. बहुतेक कण आरपार गेले, एखादाच उलटा फिरून परत आला. गर असता तर परत कसा येईल? म्हणजे आत सगळं मोकळं, आणि मधोमध एवढासा टणक गाभा. आता आपले सर म्हणतात, तो गाभाही फुटतो."

"आणि तो उलटा फिरलेला कण कसा कळला त्यांना?" मी विचारलं.

"कसा म्हणजे? तुमच्यासारखंच कोणीतरी काळोखात बसून मोजला. डोळ्यांनी."

ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढी मोठमोठी माणसं, आणि सगळ्यांचं घोडं शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांपाशी येऊन अडतं. सध्या ते डोळे आमचे आहेत.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

पाहुणे आले. मला वाटलं होतं मिशीला पीळ देणारा कोणी येईल. हा तर सर्दी झालेला, खांदे पाडून चालणारा, हळू बोलणारा माणूस. आम्हाला दोघींना अहोजाहो केलं, खुर्च्यांची उंची बरोबर आहे का विचारलं. अशा माणसाचीच जास्त भीती वाटते.

दिवसभर कोपऱ्यात बसून राहिले. आम्ही मोजलं ते छान जुळलं, तेहेतिसातल्या एकोणतीस जोड्या. सर खुशीत होते. पाहुण्यांनी फक्त एवढंच विचारलं, "जुन्या पट्ट्या ठेवल्यात का?" सरांनी कपाटच उघडून दिलं. लपवायचंय कोणाला?

घरी आल्यावर आईने टोपलीतला बटाटा वर धरला. "हा तू सोललास की नुसता कुरवाळलास?" अर्ध्यावर साल तशीच होती. आईला सगळ्यांत खोट दिसते.

शनिवार, ९ ऑक्टोबर

दोन दिवस पाहुणे जुन्या पट्ट्या टेबलावर पसरून, वर भिंग धरून पोलादी पट्टीने मोजतायत. काका म्हणाले, हे शास्त्रज्ञ नव्हेत, कापड दुकानातले दिसतात. आम्ही खूप हसलो.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. "तुम्हा दोघींत आधी कोण दाबतं?"

"दोघी एकदमच," मी म्हटलं. "म्हणून तर जोडी होते."

"एकदम नाही," ते म्हणाले. त्यांनी कागदाची पट्टी माझ्यापुढे सरकवली. मी मान डोलावली, ते बोलत राहिले. "वरचं टिंब पुढे असलं तर खालचं केसभर मागे. खालचं पुढे असलं तर वरचं केसभर मागे. आणि हे केसभर अंतर प्रत्येक वेळी तेवढंच असतं. पाव सेकंदाच्या आसपास. दोघींनी तीच ठिणगी पाहिली असती तर अंतर कमी-जास्त झालं असतं, कधी शून्यही आलं असतं."

मी म्हटलं, धाकटीचा हात चपळ आहे, माझं वय झालं. "पण मग कधीकधी त्याच मागे असतात, त्याचं काय?" असं विचारून ते नाक शिंकरायला लागले. या माणसाला टिंबं जुळली तरी चालत नाहीत आणि थोडी मागेपुढे झाली तरी चालत नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सरांना हे सांगितलं तर ते नुसते "हं" म्हणाले. इतर वेळी त्यांनी दहा वाक्यं ऐकवली असती.

रविवार, १० ऑक्टोबर

डोकं दुखलं. दिव्याभोवती हल्ली दिसणारं कडं आज मोठं होतं. दिव्याची काच पुसली तरी ते जात नाही.

सोमवार, ११ ऑक्टोबर

पाहुण्यांनी आज सकाळी आमच्या दोन्ही कळांखाली जाड लोकरीचे तुकडे घातले. दाबलं की काही आवाजच नाही. आणि आमच्या दोघींच्या मध्ये एक पुठ्ठा उभा केला.

मी छत्तीसदा दाबलं, धाकटीने एकतीसदा. जोड्या निघाल्या चार.

सरांनी पट्टी पुन्हा मोजून पाहिली. चार म्हणजे काही नाहीच, नुसत्या योगायोगानेही चार होतील, असं पाहुणे म्हणाले. मला इतका राग आला की मी तोंडावर सांगितलं, लोकरीमुळे कळ हाताला लागत नाही, सवय नसलेल्या वस्तूने मोजायला लावून वर आम्हालाच नावं ठेवता. सरांनी लगेच माझी बाजू घेतली. पाहुण्यांनी शांतपणे मान हलवली. "बरोबर आहे. मग परवा दुसऱ्या पद्धतीने करू. एकेकीने बसायचं, कळ नेहमीची."

आता इथे लिहिते, कारण ही वही कोणी वाचत नाही. आज त्या खोलीत मी हरवल्यासारखी झाले. धाकटीची टक् ऐकू येईना, तशी पुढे नुसता काळोख उरला. खरं असं आहे की बरेचदा ठिणगी माझ्या नजरेतून निसटते. पापणी लवते, पाणी येतं, डोळा थकतो. धाकटीची टक् ऐकली की मला कळतं, आत्ता एक होती, मग मीही दाबते. यात लबाडी काय? ठिणगी तर आलेलीच असते. तिचे डोळे ताजे आहेत, ती पाहते. अधूनमधून शंका आली की मी माझीही एखादी दाबते, सरांनी सांगितलंच आहे तसं.

वर्षभर हे असंच चाललंय. त्याआधी इतकं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तर ते सरांना कळवतील, आणि ज्या बाईला दिसत नाही तिचं या खोलीत काय काम? नवरा गेला त्यानंतर याच खोलीने मला माणसांत आणलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण परवा मी एकटी बसणार आहे.

धाकटीला सांगायला हवं. उद्या सांगते.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

सांगितलं नाही. लिहायलाही लाज वाटतेय, पण लिहिते.

घरी येताना पुलावर धाकटी थांबली. म्हणाली, "ताई, तुला एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग की."

"मला नीट दिसत नाही गं ठिणग्या. म्हणजे कुठलीशी चकती असली की स्पष्ट दिसतात, धडाधडा. पण कधीकधी सगळं काळंच असतं आणि तू दाबत असतेस. मग मला वाटतं, ताईला दिसतंय म्हणजे आहेच, माझेच डोळे कच्चे. म्हणून मी तुझ्यामागे दाबते. पहिल्या महिन्यापासून."

मी कठडा धरला. मला एकदम सगळं सुचलं. ती माझ्या आवाजावर दाबत होती आणि मी तिच्या. मी शंकेने एक दाबली की ती मागोमाग दाबणार, तिने शंकेने दाबली की मी. जोडी तयार. सरांनी ती वहीत लिहिली, छापायला पाठवली. मग कार्बन कोणी फोडला?

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत होती, बोलणी खायची तयारी ठेवून. आणि मी काय म्हटलं? "होतं असं सुरुवातीला. सवय होईल."

दोन वर्षं झाली आणि मी तिला सांगतेय सवय होईल. तिने "हो ताई" म्हटलं आणि माझी पिशवी घेतली.

बुधवार, १३ ऑक्टोबर

आधी धाकटी बसली. मी बाहेरच्या बाकावर. सर आत पट्टीपाशी, पाहुणे डबीपाशी. चकत्या आज पाहुण्यांनीच लावल्या, सरांनाही सांगितल्या नाहीत. दारातून टक् टक् ऐकू येत होतं. तीन मिनिटांत एकोणीस. रोजच्यासारखंच, एका लयीत. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते.

मग मी. काळोखात अर्धा तास, मग झाकण सरकल्याचा आवाज, मग तीन मिनिटं. मला काहीही दिसलं नाही. हात कळेवर होता. दाबावं असं शंभरदा वाटलं. सर पलीकडे श्वास रोखून उभे आहेत हे मला कळत होतं, आणि दहा-पंधरा टिंबं टाकणं काय अवघड? पण कुठे टाकू? कशाच्या मागे टाकू? मी दाबलं नाही. हे धैर्य नव्हतं, मला नुसतं जमलं नाही.

दिवे लागल्यावर पाहुण्यांनी डबी उघडून सरांपुढे धरली. रिकामी होती. दोन्ही वेळा आत पूड नव्हतीच.

सरांनी डबी उलटी करून पाहिली. मग त्यांनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर एकोणीस टिंबं, दुसरी कोरी. ते धाकटीला मोठ्याने बोलले असते तर परवडलं असतं. हळूच म्हणाले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

तिने मान खाली घालून कोट घेतला आणि गेली. मग सर माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते, आवाजावरून कळलं. "तुम्ही एकट्या प्रामाणिक राहिलात. तुमच्या बहिणीने तुमचीही दोन वर्षं नासवली. सगळं पुन्हा करायचं, पहिल्यापासून, फक्त तुमच्या डोळ्यांवर. नवीन वही काढतो, पहिल्या पानावर तुमचं नाव." पाहुण्यांनीही माझा हात हातात घेतला.

आणि मी "बरं सर" म्हणाले.

घरी धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई विचारून विचारून थकली. मी शेजारी बसून विचारलं, का दाबलंस गं, दिसत नव्हतं तर?

"मला वाटलं माझी कोरी गेली आणि तुझ्यात वीस निघाली तर मी खोटी ठरेन, ते चाललं असतं," ती म्हणाली. "पण ते म्हणतील की दोघींचं कधी जुळतच नव्हतं, मग तुझंही सगळं फुकट जाईल. रोज साधारण जेवढी होतात तेवढी दाबली. मला काय माहीत डबी रिकामी आहे."

आईने मला चहा आणून दिला, तिला दिला नाही. तिने काय केलंय हे आईला नीट माहीतही नाही, पण नोकरी कोणाची गेली एवढं कळलंय. मी तो चहा प्यायले.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

सकाळी गेले तर टेबलावर नवीन वही होती. सर म्हणाले, वर तुमचं नाव घातलंय, बघा. मी बघितलं. पांढऱ्यावर काहीतरी काळं होतं.

मी म्हटलं, "सर, आधी एकदा भरलेल्या डबीने मोजू या. मध्ये चकती नको."

"गरज नाही," सर म्हणाले. "चकतीशिवाय तर पडद्यावर ठिणग्यांचा नुसता पाऊस पडतो."

"तरी मोजू या. दुसऱ्या नळीला पाहुण्यांनी बसावं. लोकर घालून."

सरांना वाटलं मी पाहुण्यांना दाखवून देणार आहे. ते खुशीने तयार झाले.

अर्धा तास आम्ही दोघं काळोखात बसलो. पाहुण्यांची सर्दी अजून गेलेली नव्हती. मग झाकण सरकलं. मी डोळा नळीला लावला आणि इतका ताणला की दुखायला लागला. एकदा काहीतरी हललं, ती माझी पापणी होती. तीन मिनिटं मी हात मांडीवर ठेवला.

दिवा लागला. सर पट्टी घेऊन आले आणि दारातच थांबले. खालच्या रेघेत टिंबांची रांग असणार, कारण पाहुण्यांनी एकशे चार ठिणग्या मोजल्या होत्या. वरची रेघ कोरी.

"तुमची कळ बिघडली का?" सरांनी विचारलं.

मी कळ दाबून दाखवली. टक्.

"कळ चांगली आहे, सर. मला दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. मी बहिणीच्या आवाजावर दाबत होते आणि ती माझ्या. मला वाटायचं तिला दिसतं, तिला वाटायचं मला दिसतं. कालची माझी पट्टी कोरी होती ती प्रामाणिकपणाने नव्हे. काल तुम्ही डबी भरली असती तरी कोरीच आली असती."

पाहुणे उठून खिडकीपाशी गेले. सर खाली बसले, धाकटीच्या खुर्चीवर. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली. आणि सर, तुम्हीही या नळीला कधी डोळा लावला नाहीत. तुम्ही जुळतंय तेवढं पाहिलंत."

हे बोलायला नको होतं, पण बोलले. सरांनी नवीन वहीचं पहिलं पान फाडलं, नीट घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "छापलेलं परत घ्यावं लागेल. ते मी लिहीन." आणि चिठ्ठीसाठी कागद पुढे ओढत, "बहिणीला सांगा, सोमवारी या म्हणावं. एकटीने बसायचं. काही नाही दिसलं तर काही नाही लिहायचं. तुम्ही मात्र आज दुपारीच डॉक्टरांकडे जा. चिठ्ठी देतो."

चिठ्ठी काकांनी वाचून दाखवली. तीत माझ्या नोकरीबद्दल काही नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

घरी आले तेव्हा धाकटी अजून तशीच होती. मी तिच्याजवळ बसले आणि माझ्या डोळ्यांपासून सगळं सांगितलं. पुलावर तिने सांगितलं तेव्हा मी गप्प राहिले तेही, कालचा चहाही. ती उठून बसली. मला वाटलं माझ्यावर धावून येईल, आणि तिने तसं केलं असतं तर मी अडवलं नसतं. ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती.

"म्हणजे मला जेव्हा काळं दिसायचं," तिने विचारलं, "तेव्हा तिथे खरंच काही नसायचं?"

"नसायचं."

"म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?"

"चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले होते."

दोन वर्षं ती स्वतःला आंधळी समजत होती आणि कळल्यावरही मी तिला तसं समजू दिलं होतं. ती रडायला लागली. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो काढून घेतला.